आधी माप, मग पाना

आजच्या गाडीत घरच्या घरी करण्यासारखे काय उरले आहे, असे कोणी विचारले तर पहिले नाव सस्पेन्शनचे घ्यावे लागेल. इंजिन प्लास्टिकच्या झाकणाखाली गेले, गिअरबॉक्स सीलबंद झाला, कार्बोरेटरच्या जागी संगणक आला. चाक आणि चासी यांच्यामधले आर्म, बुश, बॉल जॉइंट, स्प्रिंग आणि शॉकअप मात्र बहुतेक गाड्यांत अजूनही नट-बोल्टने जोडलेले लोखंड आणि रबर आहे. शुक्रवारी संध्याकाळी गाडी जॅकवर चढवली, दोन दिवस हात काळे केले, तर रविवारी रात्री ती पुन्हा चार चाकांवर उभी राहू शकते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये स्पोर्ट्स कारवाल्यांचा हा उद्योग कित्येक दशके चालू आहे. त्यावर मराठीत पुस्तक येईल असे मात्र मला वाटले नव्हते.

लेखक मूळचे पुण्याचे, राहतात मिशिगनमध्ये, आणि त्यांची गाडी आहे पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. मी त्यांच्यापेक्षा वयाने बराच मोठा. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या सस्पेन्शनच्या चाचण्या घेण्यात गेली. म्हणजे जे काम त्यांनी गॅरेजच्या गार फरशीवर पाठ टेकून केले, तेच मी लिफ्टखाली ताठ उभा राहून, मदतीला दोन फिटर घेऊन केले. हस्तलिखित वाचताना या फरकाची मला वारंवार आठवण झाली. कारखान्यात आम्हाला कधी न पडलेले प्रश्न या पुस्तकात आहेत: गंजलेला बोल्ट शनिवारी दुपारी तुटला आणि दुकान सोमवारी उघडणार असेल तर काय करायचे?

या कामातली एक खोच नवख्याला आधीच सांगायला हवी. इंजिन चुकीचे जोडले तर ते सुरू होत नाही, नाहीतर धूर ओकते. चूक लपत नाही. सस्पेन्शन चुकीचे जोडले तरी गाडी चालते. फाटकाबाहेर पडते, हायवेला लागते, मालक खूश होतो. काही महिन्यांनी टायरची आतली कड झिजून तारा दिसू लागतात, नवा बुश वेळेआधी फाटतो, पावसात वळणावर मागची बाजू अवचित सुटते, आणि या सगळ्याचा संबंध त्या रविवारशी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून या कामात खोलणे-जोडणे ही निम्मी विद्या. उरलेली निम्मी मोजण्याची. सस्पेन्शन घरी जरूर करावे, पण ज्याला पाना हातात घेण्याआधी टेप हातात घ्यायची सवय नाही त्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखकही याच मताचे असल्यामुळे मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो.

सस्पेन्शन समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. मोटार आली तेव्हा ती हेच पाटे घेऊन आली, आणि आपल्या ट्रकखाली ते अजून आहेत. पाट्यांचा एक गुण असा की एकावर एक रचलेली पाती आपसात घासतात आणि स्प्रिंगची उसळी थोडीफार आपोआप शमते. गुंडाळीच्या स्प्रिंगला हा गुण नाही. तिला दाबून सोडले की ती नाचत राहते, म्हणून तिच्या जोडीला शॉकअप लागतो. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. त्या स्प्रिंगला आवरण्याचे काम शॉकअपचे. शॉकअप बदलल्यावर गाडी उंच होईल, या समजुतीने पैसे खर्च करणारे लोक मी पाहिले आहेत. हा एक भेद पक्का झाला तरी पुस्तकाची किंमत वसूल होईल.

दोन्ही पुढची चाके एकाच एक्सलवर बसवली की एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला जाणवतो. त्यातून सुटण्याची धडपड विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसते. मॉर्गनने १९१० च्या सुमारास उभ्या खांबावर वरखाली सरकणारे चाक बसवले आणि तीच युक्ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालवली. इंग्रजांचा हट्ट यंत्रांतही उतरतो. १९२२ च्या लान्चिया लॅम्डानेही पुढे सरकता खांबच वापरला. परंतु या विषयाला शास्त्राचे रूप आले ते मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्यामुळे. रोल्स-रॉइसमधून तो १९३० साली जनरल मोटर्समध्ये गेला आणि १९३४ च्या कॅडिलॅकला स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन देण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढच्या बाजूची स्प्रिंग मागच्यापेक्षा जरा सावकाश डोलली पाहिजे, म्हणजे खड्ड्यानंतर मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डुलत राहत नाही, हे त्याने चालत्या गाडीवर वजने हलवून दाखवून दिले. बाजारातून मागे-पुढे मिळतील त्या कडक स्प्रिंगा आणून बसवणारा माणूस ऑलीचे हे सगळे काम एका दुपारी पुसून टाकतो.

मग आला अर्ल मॅक्फर्सन. शॉकअप आणि वरचा आर्म ही दोन्ही कामे एकाच उभ्या नळकांड्यावर सोपवणारी त्याची रचना १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आली. स्वस्त, सुटसुटीत, जागा वाचवणारी. भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना आज हीच आहे. स्पोर्ट्स कारही तिच्यापासून सुटली नाही: लोटसच्या कॉलिन चॅपमनने तिचाच एक अवतार मागच्या चाकांना लावला, आणि १९६९ च्या डॅट्सन २४०झेडने पुढे-मागे दोन्हीकडे नळकांडीच वापरली. दुसऱ्या बाजूला डबल विशबोनचा संप्रदाय आहे. वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये चाकाचा खुंट. जागा जास्त खाते, सुटे भाग जास्त लागतात, पण चाक वरखाली होताना त्याचा कल कसा बदलावा हे ठरवणे डिझाइन करणाऱ्याच्या हातात राहते. रेसच्या गाड्यांनी हाच मार्ग धरला.

घरच्या कामाच्या दृष्टीने पाहिले तर यातल्या प्रत्येक रचनेचा शनिवार-रविवार वेगळा असतो. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनलेली एमजीबी घ्या. पाच लाखांहून अधिक बनल्यामुळे घरी दुरुस्ती शिकणाऱ्यांची ती पाठशाळाच झाली. तिच्या पुढच्या बाजूला आर्मस्ट्राँगचे दांडीवाले शॉकअप असतात, आणि त्या शॉकअपची दांडी हाच वरचा विशबोन. शॉकअपच्या धुरीला ढिलेपणा आला की चाकालाच ढिलेपणा येतो. किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस द्यायचे, शॉकअपचे बूच काढून तेलाची पातळी बघायची: हे सगळे अंगणात होते. ट्रायम्फ स्पिटफायरची तऱ्हा आणखी निराळी. तिचा पुढचा उभा खुंट खाली एका पितळी जोडात आटे पाडून फिरतो. त्या जोडाला ग्रीस न देता गिअरचे जाड तेल द्यायचे असते. ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांचा खुंट आतून गंजत गेला आणि एके दिवशी चाक आडवे झाले. पोर्शे ९११ ला १९८९ पर्यंत गुंडाळीच्या स्प्रिंगा नव्हत्याच. पिळल्या जाणाऱ्या पोलादी सळया होत्या. मागच्या सळईच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दात एका दिशेला आणि बाहेर एक दात उलट दिशेला सरकवला की आर्मचा कोन एका अंशाहूनही थोडा कमी बदलतो. गाडीची उंची लावण्यासाठी असे दात मोजत बसणाऱ्या माणसाचा रविवार कसा जातो याची कल्पना करा.

एमएक्स-५ चे वैशिष्ट्य या पार्श्वभूमीवर कळते. बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझ्दाकडे धरलेला आग्रह, तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली झालेली घडण, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिले दर्शन, ही कथा गाडीच्या चाहत्यांना पाठ असते. बंद पडत चाललेल्या ब्रिटिश उघड्या गाड्यांची मजा तेल न गळता देणारी गाडी, असे तिचे वर्णन करता येईल. एप्रिल २०१६ मध्ये हिरोशिमाला दहा लाखावी एमएक्स-५ बनली. दोन आसनी उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये हा विक्रम आहे. जेमतेम टनभर वजनाच्या पहिल्या पिढीच्या गाडीला चारही चाकांवर डबल विशबोन आहे. भारतात ती कंपनीने कधी विकली नाही, त्यामुळे आपल्याकडे ती फारशी कोणाला दिसलेली नाही. अमेरिकेत मात्र घरी सस्पेन्शन शिकायचे तर हीच गाडी घ्या असे अनुभवी लोक सांगतात. सुटे भाग मुबलक, जागा मोकळी, आणि प्रत्येक कोपऱ्यात दिसते ते समजण्याजोगे.

अडचण एकच, गंज. मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टांवर विकेंद्री चकत्या असतात. त्या फिरवून चाकाचा कल आणि किंगपिनचा कोन (कॅस्टर) लावायचा. मीठ आणि पाण्याने हा बोल्ट बुशच्या आतल्या नळीला असा धरतो की नट सुटतो, पण बोल्ट फिरतच नाही. हातोडी मारली तर आटे जातात. गॅसने तापवले तर रबर पेटते. शेवटी करवतीने दोन्ही बाजूंनी कापून आर्म काढावा लागतो आणि नवा बोल्ट, नव्या चकत्या, नवा बुश असे सगळेच लागते. दोन दिवसांच्या कामाचे दोन आठवडे इथेच होतात. लेखकांचा सल्ला असा की बुधवारपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारत राहावे, आणि नवे बोल्ट घरात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नये. कारखान्यात असले शहाणपण शिकायची वेळ आमच्यावर आली नाही.

आता बुशबद्दल, कारण सर्वात जास्त चुका इथे होतात. मूळ रबरी बुशमध्ये रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेले असते. आर्म वरखाली होतो तेव्हा बुश फिरत नाही, रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असते तेव्हा आर्म खाली लोंबत असतात. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर बुश लोंबत्या कोनात पकडला जातो, आणि गाडी जमिनीवर उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी नेहमीपेक्षा थोडी उंच उभी राहते, कडक वाटते, आणि बुश लवकर फाटतो. उपाय सोपा आहे, पण त्यासाठी सुरुवातीलाच माप घेतलेले हवे. खोलण्याआधी गाडी सपाट जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर लिहून ठेवायचे. जमिनीपासून मोजायचे नाही, कारण टायरची हवा ते माप बिघडवते. जोडताना बोल्ट नुसते हाताने लावायचे, खालून दुसऱ्या जॅकने चाकाचा खुंट हळूहळू उचलून तेच अंतर आणायचे, मग टॉर्क रेंचने आवळायचे. पाच मिनिटांचे मापन आणि वीस मिनिटांचा धीर.

अलाइनमेंटचेही तसेच. विकेंद्री चकतीवर रंगाची खूण, टाय रॉडचे किती आटे दिसतात त्याची नोंद, आणि मग दोन दोऱ्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणायची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते, म्हणून पुढच्या चाकांपाशी डावे-उजवे अंतर एकसारखे, मागच्यांपाशी आपसात एकसारखे, असे बघून दोऱ्या समांतर करायच्या. त्यानंतर रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजले की चाके आत बघतात की बाहेर ते कळते. चाकाच्या कलासाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो: १४ इंची रिमवर एक अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत सुमारे ६ मिलिमीटरचा फरक. हे सगळे दुकानापर्यंत गाडी नीट नेण्यापुरते. किंगपिनचा कोन घरी दोरीने मोजता येत नाही आणि शेवटचे अलाइनमेंट यंत्रावरच करून घ्यावे, हे लेखक लपवत नाहीत. घरी सर्व काही होते अशी बढाई मारणाऱ्या पुस्तकांचा मला कंटाळा आहे.

घरी दुरुस्ती करण्याची ही परंपरा रुजली ती आधी ब्रिटनमध्ये, आणि तिच्यामागे कर होता. गाडी सुट्या भागांत विकली तर खरेदीकर लागत नसे. म्हणून १९५७ पासून लोटस सेव्हन पेट्यांत भरून विकली जाई आणि लोक ती आपल्या गॅरेजमध्ये जोडत. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बंद झाली, पण तोवर पाना धरू शकणारी एक पिढी तयार झाली होती. जॉन हेन्स हा त्यातलाच. शाळकरी वयात त्याने ऑस्टिन ७ वरून स्वतःची गाडी बनवली आणि त्यावर पुस्तिका काढली. हवाई दलात असताना एका मित्राची ऑस्टिन-हीली स्प्राइट खोलून जोडताना प्रत्येक पायरीचे फोटो काढले, आणि १९६६ मध्ये त्यातून पहिले हेन्स मॅन्युअल निघाले. गाडी खरोखर खोलून मगच पुस्तक लिहायचे, ही त्याची पद्धत. पुढे अमेरिकेत जॉन म्युअरने १९६९ मध्ये फोक्सवॅगनवर लिहिलेले पुस्तक आले, ते अगदी अडाण्याचाही हात धरून चालवणारे. रेसच्या बाजूने कॅरोल स्मिथ. १९६६ च्या ल माँ विजयातल्या फोर्ड संघाशी संबंध असलेला हा माणूस ‘ट्यून टू विन’सारखी पुस्तके लिहू लागला तेव्हा सस्पेन्शनची भूमिती हौशी माणसाच्या आवाक्यात आली. स्मिथ तिखट लिहितो आणि नट-बोल्टबद्दल अख्खे पुस्तक लिहितो. कॉलेजांतून शिकवला जाणारा मिलिकन पितापुत्रांचा १९९५ चा ग्रंथ याच्या पुढचा टप्पा, पण तो गॅरेजमध्ये न्यायचा नाही.

आज या हौशी लोकांत ढोबळपणे तीन पंथ दिसतात. एक मूळरूपवाल्यांचा. त्यांना बोल्टच्या डोक्यावरचा शिक्काही त्या वर्षीचाच हवा. त्यांच्यामुळे जुने भाग टिकले, आणि जपानमध्ये माझ्दाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चे पुनरुज्जीवन आणि काही भागांचे पुन्हा उत्पादन जाहीर केले ते अशाच ग्राहकांच्या जोरावर. दुसरा पंथ ऑटोक्रॉसवाल्यांचा. अमेरिकेत १९४४ पासून असलेल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या छत्राखाली रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडून रविवारी घड्याळाशी शर्यत लावायची. स्प्रिंग कडक, अँटिरोल बार जाड, बुश पॉलियुरेथेनचे. या लोकांकडे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: ते एका वेळी एकच बदल करतात आणि वेळ मोजतात. तिसरा पंथ गाडी जमिनीला टेकवणाऱ्यांचा. त्यांच्याबद्दल मी थोडक्यात सांगतो. नळकांडीवाली गाडी फार खाली बसवली की खालचा आर्म आडव्या रेषेच्या वर जातो, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षा झपाट्याने खाली येतो, आणि कमी झुकायला हवी होती ती गाडी वळणावर जास्त झुकू पाहते. वर बम्प स्टॉपवर आपटते ते वेगळेच.

लेखक या तिन्हींत बसत नाहीत. तीस वर्षांची गाडी रोज वापरायची, तिला नवी असताना होती तशी चालवायची, आणि जिथे मूळ रचनेत खरी उणीव आहे तिथेच हात घालायचा, असा त्यांचा मध्यम मार्ग आहे. एका मुद्द्यावर मात्र आमचे जुळत नाही. पॉलियुरेथेन बुशकडे ते फार मायेने बघतात. सरळ धुरीवर फिरणाऱ्या आर्मला तो चालतो. ग्रीस सुकले की किरकिरतो, पण चालतो. ज्या जोडाला फिरताना थोडे वाकडे व्हायलाही लागते तिथे रबर निमूटपणे वाकते आणि पॉलियुरेथेन अडते. मग त्या अडण्याची स्प्रिंग होते, ती कोणत्याच कोष्टकात नसते. मी असतो तर रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला नवे रबर घातले असते. वाचकाने दोन्ही बाजू वाचून ठरवावे.

स्प्रिंगबद्दलचे त्यांचे गणित मात्र निर्दोष आहे आणि मराठीत ते इतके स्वच्छ मी पाहिलेले नाही. चाक १० मिलिमीटर उचलले आणि स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबली, तर चाकापाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या सात दशांश नसतो, ०.७ चा वर्ग, म्हणजे निम्म्याहूनही किंचित कमी असतो. कॅटलॉगमधले आकडे दोन वेगळ्या गाड्यांत का तुलनेला येत नाहीत, हे या एका ओळीत आहे.

हा विषय आत्ताच का, याचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या उत्तम स्पोर्ट्स कार आता तिशी-चाळिशीत आहेत. लोखंड सांभाळले तर टिकते, रबर वयाने मरते. गाडी चालवली नाही तरी मरते. अशा प्रत्येक गाडीला सस्पेन्शनच्या कामाची गरज आज ना उद्या पडणारच. दुसरीकडे नव्या गाड्यांत हे दार हळूहळू लोटले जात आहे. फॉर्म्युला वनने १९९४ पासून ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर बंदी घातली, पण रस्त्यावरच्या गाड्यांत चुंबकाने घट्ट होणारे तेल भरलेले शॉकअप २००२ च्या कॅडिलॅकपासून येत गेले. असा शॉकअप घरी बसवता येतो, पण तो बसला आहे हे गाडीच्या संगणकाला सांगावे लागते. काही गाड्यांत अलाइनमेंट बदलल्यावर काचेमागचा कॅमेरासुद्धा पुन्हा जुळवावा लागतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये वाहनदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला तो याच चिंतेतून. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचा समावेश केला.

आपल्याकडे हे पुस्तक कोण वाचेल? मिशिगन, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात स्वतःचे गॅरेज असलेले मराठी लोक तर आहेतच. मुंबई-पुण्यातही जुन्या गाड्या जपणारी मंडळी आहेत. अनेकांना आठवत असेल, मद्रासला १९६१ पासून बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आपल्या रस्त्यांवर भरपूर होती. स्पिटफायर ही हेराल्डचीच चासी आखूड करून बनवलेली. म्हणजे तेल मागणारा तो पितळी जोड आणि वळणावर चाके आत मुडपणारा मागचा झुलता एक्सल आपल्या मेकॅनिकांनी इंग्लंडइतक्याच जवळून पाहिला आहे. हेराल्डनंतर आलेल्या गॅझेल गाडीत कंपनीने तो एक्सल काढून साधा सलग एक्सल घातला, तेव्हा मेकॅनिकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असणार. ज्याच्या घरी हेराल्ड अजून उभी आहे त्याला या पुस्तकातली स्पिटफायरवरची पाने जशीच्या तशी उपयोगी पडतील.

भारतातल्या वाचकासाठी दोन गोष्टी निराळ्या आहेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी दोन दिवस जॅकवर ठेवू देणारा सेक्रेटरी विरळा. जर्मनीत तासावर भाड्याने मिळणारी लिफ्ट किंवा अमेरिकी लष्करी तळांवरची हौशींसाठीची वर्कशॉप यांसारखी सोय आपल्याकडे नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत दाखवलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. झिजलेल्या बुशच्या जागी तसाच नवा बुश घालणे म्हणजे फेरफार नव्हे. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे हा निराळा मामला आहे, आणि आपल्या स्पीडब्रेकरवर तो मूर्खपणाही आहे.

लेखकांनी भाषा फिटरची ठेवली आहे, आकडे अभियंत्याचे ठेवले आहेत. हवेवरचे सस्पेन्शन, महागडे तयार संच, कोणता ब्रँड चांगला, या गोष्टी त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. काहींना ते खटकेल. मला ते योग्य वाटते, कारण ब्रँडची माहिती पाच वर्षांत जुनी होते आणि ओळंबा जुना होत नाही.

वाचकाला एक विनंती. पुस्तक कुठूनही वाचा, पण गाडीखाली जाण्याआधी जॅक स्टँड आणि स्प्रिंग दाबणाऱ्या शिकंज्यावरची पाने वाचल्याशिवाय जाऊ नका. मिलिमीटरला ५० न्यूटनची साधी स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली की तिच्यात २५० जूल ऊर्जा साठते: दहा किलोचा दगड अडीच मीटरवरून डोक्यात पडावा इतकी. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर ठेवलेल्या जॅक स्टँडवरच टेकवा, हाताने जोरात हलवून बघा, काढलेले चाक कडेच्या पत्र्याखाली आडवे सारून ठेवा, आणि मगच खाली जा. घरात कोणीतरी जागे आणि हाकेच्या अंतरावर असू द्या.